बिनचूकरावांची घंटी

"एकदाच वाचणार! एकदाच! आणि त्या एका वाचनात तुमच्या हजारो तक्रारी शोधून हातात ठेवणार!"

हे वाक्य बिनचूकरावांनी इमारतीच्या सभेत उभं राहून, बोट वर करून म्हटलं आणि तिथूनच सगळ्या भानगडीला सुरुवात झाली. मंडळी, माणसाने सभेत उभं राहू नये. बसून राहावं, चहा प्यावा, सही करावी आणि घरी जावं. पण या इमारतीत राहायला येऊन वर्ष झालं तरी बिनचूकरावांकडे इतकी माणसं एकदम बघतायत, असं पहिल्यांदाच घडत होतं. मग काय, उचलली जीभ आणि लावली टाळ्याला!

बिनचूकराव हे त्यांचं ऑफिसातलं नाव; सभेतही त्यांनी तेच सांगून टाकलं होतं. सगळी नोकरी एका मोठ्या ग्रंथालयाच्या संगणक विभागात काढलेली; दुसऱ्याच्या प्रोग्रॅममधली चूक ते म्हणे नुसत्या वासावरून काढत. स्वतःची चूक काढायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नाही, कारण ते काम बायको करायची. माणसं जोडायचं खातंही तिच्याकडेच होतं. कुणाकडे जायचं, कुणाला बोलवायचं, कुणाशी काय बोलायचं, सगळं ती ठरवायची आणि हे मागून पिशवी घेऊन जायचे. ती गेली. मोठं घर खायला उठायला लागलं म्हणून ते विकून हे या उंच इमारतीच्या नवव्या मजल्यावर आले, आणि आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की, दुसऱ्याच्या दारावरची बेल दाबून पुढे काय म्हणायचं असतं, हे आपल्याला मुळीच माहीत नाही.

दर रविवारी ताईचा, म्हणजे थोरल्या बहिणीचा, फोन यायचा.

"कुणाशी बोललास का रे या आठवड्यात?"

"हो तर! लिफ्टमध्ये एक गृहस्थ भेटले."

"काय बोललात?"

"ते म्हणाले, 'कितवा?' मी म्हटलं, 'नववा.'"

"पुढे?"

"पुढे नववा आला."

"याला बोलणं म्हणतात?"

"अगं, चांगलं मनमोकळं झालं."

ताईने शेवटी निक्षून सांगितलं, "हे बघ, महिनाअखेरपर्यंत त्या इमारतीत तुझी चौकशी करणारं एक माणूस मला दाखव. एक! नाहीतर मी येते आणि तुला उचलून माझ्याकडे नेते." आता ताईच्या घरी माणसं भरपूर, प्रेमही भरपूर, पण जागा म्हणाल तर दिवाणखान्यातला सोफा. म्हणजे सगळं घर यांच्यासाठी टीव्हीचा आवाज बारीक करणार आणि अंधारात चवड्यांवर चालणार. आपल्यापायी कुणी चवड्यांवर चालावं, ही कल्पनाच बिनचूकरावांना सहन होईना. तेव्हा एक माणूस हवं होतं. एकच, पण खरं.

आता सभेतला विषय काय होता ते सांगतो. इमारतीचा फोनवर एक ग्रुप होता. त्यात सकाळपासून शुभेच्छा, विनोद, विकायचे सोफे आणि हरवलेल्या छत्र्या यांचा पूर वाहत असायचा. मागच्या आठवड्यात दोन बायका लिफ्टमध्ये अडकल्या. त्यांनी ग्रुपवर लिहिलं, "अडकलोय, कुणीतरी या!" त्याच्या वर कुणाच्या तरी नातवाचा वाढदिवस, खाली कुणाच्या तरी लग्नाचा वाढदिवस. सेक्रेटरीसाहेबांनी मधल्यामध्ये त्या बायकांनाही "अभिनंदन!" असं लिहून टाकलं. बाहेर आल्यावर बायकांनी साहेबांचं जे काही केलं, त्यामुळेच ही सभा बोलावली होती.

"कामाचे निरोप वेगळे काढणारं काहीतरी हवं," साहेब कपाळ पुसत म्हणाले.

आणि बिनचूकराव उभे राहिले!

काम तसं त्यांच्या हातचंच होतं. पण सोपं नव्हतं हो! एकच गोष्ट माणसं पन्नास तऱ्हांनी सांगतात. "पाणी नाही," "नळ कोरडा," "टाकी संपली का?", "डोक्याला साबण लावून बसलोय!" अशी सगळी मिळून काही हजार वाक्यं. एकेक वाक्य घेऊन ग्रुप चाळायला बसलं तर हजारो वेळा चाळावा लागेल, आणि तोवर डोक्याचा साबण वाळून जाईल. म्हणून शहाणी माणसं सगळी वाक्यं एकात एक गुंफून त्यांचं झाड करतात. ज्यांची सुरुवात सारखी ती एका फांदीवर. मजकूर त्या झाडावरून एकदा खाली सोडला की सगळी वाक्यं एकाच फेरीत सापडतात.

झाड सुंदर झालं. पण झाडाला जागा लागते, आणि सोसायटीच्या कॅबिनमधला संगणक इतका म्हातारा की, वॉचमन त्याचा उपयोग डबा गरम ठेवायला करायचा. झाड अर्धं वाढलं आणि संगणकाने मान टाकली.

बिनचूकराव हटले नाहीत. त्यांनी दुसरी युक्ती काढली. अख्खं वाक्य ठेवायचंच नाही. त्याच्या अक्षरांवरून एक छोटासा आकडा काढायचा आणि तेवढाच ठेवायचा. सायकल स्टँडवर सायकल ठेवून आपण बिल्ला खिशात घालतो, तसं. मजकूर वाचत जायचं, त्याचा आकडा काढत जायचं, आणि बिल्ला जुळला की समजायचं, वाक्य सापडलं. जागा चिमूटभर, वेग वाऱ्याचा! गोम एकच होती. बिल्ले थोडे, सायकली फार. त्यामुळे दोन अगदी वेगळ्या वाक्यांना एकच बिल्ला मिळू शकतो. म्हणून बिल्ला जुळल्यावर खरी यादी उघडून अक्षर न् अक्षर ताडून बघायचं असतं. ही तपासणी बिनचूकरावांनी लिहिली होती. लिहिली होती, हे लक्षात ठेवा!

पण साहेबांना दाखवायच्या दिवशी काय झालं, बिल्ला जुळला आणि म्हातारा संगणक खरी यादी उघडायला जो गेला, तो गेलाच. साहेबांनी एकदा घड्याळ पाहिलं. एकदा जांभई दिली. मग म्हणाले, "काका, चालतंय ना हे? नाहीतर राहू द्या." राहू द्या! इतक्या माणसांदेखत बोट वर करून सांगितलेलं! बिनचूकरावांना घाम फुटला. त्यांनी मनातल्या मनात हिशोब केला: चुकीचा बिल्ला जुळण्याची शक्यता किती? लाखात एखादी! आणि साहेबांची पाठ वळताच त्यांनी तपासणी काढून टाकली. मशीन एकदम वाऱ्यासारखं सुटलं. "वा, काका!" साहेब म्हणाले. हिशोब तसा बरोबर होता. फक्त या इमारतीतली माणसं रोज काही लाख अक्षरं लिहितात आणि प्रत्येक अक्षरापाशी बिल्ला नव्याने ताडून बघितला जातो, तेवढं त्यात धरायचं राहिलं.

व्यवस्था अशी होती: पाण्याचं वाक्य सापडलं की आपोआप प्लंबरला निरोप जायचा, लिफ्टचं सापडलं की लिफ्टवाल्यांना, धुराचं सापडलं की थेट अग्निशामक दलाला. निरोपात फक्त फ्लॅटचा नंबर. मूळ मजकूर साठवायला जागा कुठे होती?

आणि मग, कॅबिनमध्ये कुणी नसताना, बिनचूकरावांनी यादीत स्वतःची काही वाक्यं घातली. कुणाला सांगू नका. "नवव्या मजल्यावरचे काका." "काकांनाही बोलवा." "काका दिसले नाहीत हल्ली." "ते एकटेच असतात ना?" एखाद्याला आपली आठवण आली तर तो ती कोणत्या शब्दांत काढेल, याचा विचार करत ते अख्खी दुपार बसले होते. "जेवले असतील का हो ते?" हे लिहिताना मात्र त्यांचा हात थांबला. तसं फक्त बायकोच विचारायची. तरी त्यांनी ते ठेवलं. यांपैकी काही सापडलं तर घरी त्यांच्या फोनवर एक घंटी वाजायची आणि फ्लॅटचा नंबर यायचा.

तुम्ही म्हणाल, हे गृहस्थ ग्रुपमध्ये होतेच ना, मग स्वतः वाचायचं! वाचायचे, सुरुवातीला. पण दिवसभर शेकडो निरोप वाचायचे आणि त्यात आपल्यासाठी एकही नसायचा. मग त्यांनी वाचणंच सोडलं. मशीनने वाचलं तर त्याला वाईट वाटत नाही.

तिसऱ्या दिवशी घंटी वाजली!

बिनचूकराव खुर्चीतून असे उठले की, खुर्ची मागे पडली. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. त्यांनी इस्त्रीचा शर्ट चढवला, केस बसवले, परत विस्कटले, परत बसवले आणि खाली जाऊन बेल दाबली. दार उघडलं ते एका बाईंनी. हातात मोजे, तोंडावर मास्क.

"आलात? या, या. बसा!"

बिनचूकराव लगेच आत जाऊन बसले. बसायला मिळालेली खुर्चीही काय ऐसपैस, पाय लांब करून टेकायची!

"किती दिवस चाललंय हे?" बाईंनी विचारलं.

"वर्ष झालं," बिनचूकराव खाली मान घालून म्हणाले.

"वर्ष? आणि आज येताय?"

"कुणी बोलावलंच नाही हो."

"बोलवायला कशाला हवं? असं अंगावर काढायचं नसतं, काका! जेवताना जास्त जाणवतं?"

"जेवतानाच. आणि संध्याकाळी."

"एका बाजूला की दोन्हीकडे?"

"सगळीकडेच," बिनचूकराव म्हणाले. आपल्या मनातलं इतकं अचूक ओळखणारं माणूस सहा मजले खाली राहतं आणि आपण वर भिंतींशी बोलतोय!

"आ करा," बाई म्हणाल्या.

या बाई दातांच्या डॉक्टर होत्या आणि दवाखाना घरातच होता, हे बिनचूकरावांच्या लक्षात आलं तोवर तोंडात आरसा, चिमटा आणि बाईंचा अर्धा हात गेला होता. अशा वेळी "मी सहज आलो होतो" म्हणता येत नाही. म्हणता आलं असतं तरी त्यांनी म्हटलं नसतं. बाईंनी एक दाढ हलवून बघितली, "हं!" म्हणाल्या, आणि उपटली.

"परवा येऊन दाखवून जा हं."

परवा परत या! बिनचूकराव गालाला बोळा लावून लिफ्टमधून वर गेले तेव्हा त्यांना वाटलं, हा आपला या इमारतीतला सर्वात चांगला दिवस.

इकडे सार्वजनिक खात्यातही मशीनने कामाचा सपाटा लावला होता. दुसऱ्या दिवशी प्लंबर कॅबिनमध्ये येऊन हातातला पाना आपटत उभा राहिला.

"काका, तुमच्या मशीनने माझ्यावर डूख धरलाय का? सकाळपासून जातोय तिथे नळ धो धो वाहतायत! दुसऱ्या मजल्यावरच्या जजसाहेबांकडे गेलो. म्हटलं, पाणी येत नाही ना? ते आंघोळीतून तसेच बाहेर आले. अंगावर टॉवेल, डोक्यावरून ओघळ. म्हणाले, मग हे काय आहे?"

"मग बरोबर आहे!" बिनचूकराव सुजलेल्या गालाने म्हणाले. "पाणी जायच्या आधीच मशीन ओळखतंय. याला म्हणतात दूरदृष्टी!"

"जजसाहेबांनी काय म्हटलं ते तुम्ही ऐकलं नाहीत," प्लंबर म्हणाला आणि पाना घेऊन निघून गेला.

लिफ्टवाले दोनदा आले आणि चांगली चालती लिफ्ट दोनदा बंद करून, उघडून, पुसून गेले. नेमकं त्याच वेळी दहाव्या मजल्यावर कुणाचा तरी फ्रीज जिन्यातून चढत होता. फ्रीजवाल्यांचे उद्गार नवव्या मजल्यावर स्पष्ट ऐकू आले. पण बिनचूकराव ते ऐकायला घरी कुठे होते? त्यांची घंटी पुन्हा वाजली होती! सातवा मजला!

दार उघडताच एक नवराबायको दोघंही हसतमुखाने उभे. "या या, तुमचीच वाट बघत होतो! आधी काय बघणार? स्वयंपाकघर?"

लोक पाहुण्याला पहिल्यांदा स्वयंपाकघर दाखवतात हे बिनचूकरावांना नवीन होतं. पण रीत असेल. त्यांनी स्वयंपाकघर बघितलं, फडताळं उघडून बघितली, न्हाणीघराचं तोंडभर कौतुक केलं, आणि बाल्कनीत तर ते रेंगाळलेच. इतक्या प्रेमाने त्यांना कुणी घर दाखवलंच नव्हतं.

"इथे दोन खुर्च्या छान बसतील," ते म्हणाले.

"दोन काय, चार बसतील! घरात माणसं किती तुम्ही?"

"मी... एकटाच."

"मग दोन कशाला?" नवऱ्याने सहज विचारलं.

बिनचूकराव उगाच कठड्यावरून खाली बघत राहिले. तेवढ्यात बेल वाजली आणि दारात एक कुटुंब उभं! फ्लॅट विकत घ्यायला आलेलं खरं गिऱ्हाईक! "मग हे कोण?" बायकोने नवऱ्याला विचारलं. "मला वाटलं, तुझ्या ओळखीचे," नवरा म्हणाला. आतापर्यंत बिनचूकरावांनी सरबत संपवलं होतं. "फार छान घर आहे," असं म्हणून ते काढता पाय घेऊन जिन्याने वर आले. नाही म्हटलं तरी मनात एक शंका डोकावलीच: यांनी मला बोलावलं होतं, मग ओळखत कसे नाहीत? पण बुडत्याला काडीचा आधार! त्यांनी स्वतःची समजूत घातली: बोलावलं असेल, मग विसरले असतील. माणसं विसरतात. आपण विसरलं जाणं त्यांना चांगलं परिचयाचं होतं.

आणि मग आला रविवार.

संध्याकाळी सायरन वाजवत अग्निशामक दलाच्या दोन गाड्या इमारतीच्या आवारात शिरल्या. "खाली उतरा! सगळे खाली! लिफ्ट वापरू नका!" मंडळी, काय ती पळापळ! कुणी दागिने घेऊन उतरलं, कुणी पोपट घेऊन उतरलं. जजसाहेब पुन्हा टॉवेलवरच होते. पाच मिनिटांत सगळी इमारत आवारात उभी!

बिनचूकराव नवव्या मजल्यावरून धापा टाकत खाली पोचले आणि बघतच राहिले. इतकी माणसं! इतकी माणसं आपल्या डोक्यावर आणि पायाखाली वर्षभर राहतायत! आणि आज सगळी एकमेकांशी बोलतायत, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवतायत. एका आजींनी त्यांचाही हात धरला, "काही लागलं नाही ना हो तुम्हाला?" असं विचारलं. खरं सांगायचं तर त्या सगळ्या घाबरलेल्या गर्दीत एकच माणूस आनंदात होता. ते इकडून तिकडे फिरत होते, पोपटाची चौकशी करत होते, जजसाहेबांना "गार वाटतंय का?" विचारत होते.

"सगळ्यांसाठी चहा टाकू का?" त्यांनी उत्साहाने विचारलं.

"वर आग लागलीय, काका!" कुणीतरी ओरडलं.

दलाचे अधिकारी कागद घेऊन पुढे आले. "पाचव्या मजल्यावरून निरोप आलाय. कोण तिथे? आग कुठे आहे?"

पाचव्या मजल्यावरचे जावईबापू थरथरत पुढे झाले. "मी? मी तर फक्त ग्रुपवर सासूबाईंना पंचाहत्तरीच्या शुभेच्छा दिल्या!"

"मग आग कुणी लावली?"

सासूबाई जावयाकडे अशा काही बघायला लागल्या की, खरी आग बरी. हळूहळू सगळ्या माना वळल्या. आधी सेक्रेटरीसाहेबांकडे आणि मग साहेबांच्या बोटाच्या दिशेने बिनचूकरावांकडे.

"काय हो बिनचूकराव," साहेब म्हणाले, "ही कोणाची चूक?"

भ्रमाचा भोपळा फुटायला एवढं पुरेसं होतं. कॅबिनमध्ये साहेब मागे उभे, बिनचूकराव पुढे बसले. त्यांनी सासूबाईंच्या शुभेच्छा आणि खरी यादी शेजारी शेजारी मांडली. "सासूबाईंना पंचाहत्तरीच्या" या शब्दांचा बिल्ला आणि "जिन्यात धूर दिसतोय" या वाक्याचा बिल्ला, एकच. दोन सायकली, एक बिल्ला. यादीशी ताडून पाहिलं असतं तर जागच्या जागी कळलं असतं! बरं, ती तपासणी फक्त बिल्ला जुळल्यावरच करायची होती. दिवसातून काही वेळा म्हातारा संगणक जरा रेंगाळला असता, एवढंच. साहेबांच्या एका जांभईपायी सगळी इमारत आवारात!

साहेब तणतणत निघून गेले. आणि मग बिनचूकरावांनी ते केलं, जे करायची त्यांना सगळ्यात जास्त भीती वाटत होती. त्यांनी स्वतःच्या घंट्या तपासल्या.

दातांच्या डॉक्टर बाईंनी त्या दिवशी लिहिलं होतं, "कुणाकडे मोठी शिडी आहे का?" सातव्या मजल्यावरच्यांनी लिहिलं होतं, "फ्लॅट विकणे आहे, मध्यस्थ नकोत." शिडी आणि मध्यस्थ. काका कुठेच नव्हते. त्यांनी पहिल्या दिवसापासूनचा सगळा ग्रुप पुन्हा एकदा मशीनमधून सोडला, या वेळी अक्षर न् अक्षर ताडून. त्यांची आठवण काढणारं एकही वाक्य निघालं नाही. वर्षभरात इमारतीने कोट्यवधी अक्षरं लिहिली होती आणि त्यात ते नव्हते. बिनचूकरावांना फार वाईट वाटलं. रडू येण्याइतकं वाईट वाटलं, आणि थोडं आलंही. दाढेची जागा दुखत असेल, असं म्हणून त्यांनी डोळे पुसले.

तपासणी परत बसवली. मशीन आता खरोखर बिनचूक झालं. प्लंबर गेला की नळ कोरडा निघायचा, लिफ्टवाले आले की लिफ्ट बंद असायची. आणि नवव्या मजल्यावर घंटी वाजेनाशी झाली. बिनचूकराव फोन जवळ घेऊन जेवायचे, जवळ घेऊन झोपायचे. दोनदा तर चार्ज आहे ना, हेच बघून झालं. होता. फोन ठणठणीत होता. मशीन ठणठणीत होतं.

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. ताई संध्याकाळी फोन करणार होती. कपडे भरायला बिनचूकरावांनी बॅगही खाली काढली.

आणि घंटी वाजली!

या वेळी खोटं असणं शक्यच नव्हतं. ताडून बघितलेलं, खरं, अक्षराला अक्षर जुळलेलं! शर्टाची बटणं लावता लावता त्यांनी कित्येक महिन्यांनी स्वतःच्या फोनवर ग्रुप उघडला आणि वाचलं:

"नवव्या मजल्यावरचे काका कॅबिनच्या संगणकाला यापुढे हात लावणार नाहीत, असा ठराव करा."

बिनचूकराव मटकन खाली बसले. तेवढ्यात परत घंटी. "नवव्या मजल्यावरचे काका आमच्याकडे सरबत पिऊन गेले, फ्लॅट घेतलाच नाही!" परत घंटी. "नवव्या मजल्यावरचे काका म्हणजे नक्की कोण?" परत घंटी. "माझ्या टॉवेलची भरपाई नवव्या मजल्यावरचे काका देणार का?" घंटीवर घंटी! अख्खी इमारत उठली होती, आणि प्रत्येक निरोप खराखुरा! बिनचूकराव ओठ चावत वाचत होते; पण चार-पाच घंट्यांनंतर त्यांनी शर्टाचं वरचं बटण काढलं, चहा केला आणि पाय वर घेऊन नीट बसले.

ताईचा फोन आला तेव्हा ते घंट्यांच्या ऐन मध्यात होते.

"काय रे, आवाज कसला हा?"

"घंटी, ताई! इमारतीतलं कुणी माझं नाव काढलं की वाजते. ऐक, ऐक! परत वाजली बघ!"

"इतकी माणसं तुझी चौकशी करतायत?"

"हो. आत्ताच एक जण विचारत होते, मी कोण म्हणून."

"बाई बाई!" ताईला गहिवरून आलं. "मी उगाच काळजी करत होते हो. राहा बाबा, तू तिथेच राहा. नाही नेत मी तुला." आणि घंट्यांच्या गजरात तिने समाधानाने फोन ठेवला.

बिनचूकराव जिंकले होते. त्यांनी बॅग माळ्यावर टाकली आणि पुढची घंटी ऐकायला खुर्चीत येऊन बसले. तेवढ्यात ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "माझ्या जागेवर गाडी कुणी लावली?" झालं! सगळी इमारत गाडीवर तुटून पडली. काका मागे पडले. घंटी थांबली. बिनचूकरावांनी चहा संपवला, कप धुतला, पुसला. फोन हलवून बघितला. गाडीवर गाडी, गाडीवर गाडी. नवव्या मजल्याचं नाव नाही.

शेवटी त्यांना राहवेना. या ग्रुपवर आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी एक निरोप लिहिला. दोनदा वाचला, शुद्धलेखन तपासलं आणि पाठवला:

"नवव्या मजल्यावरचे काका हा विषय अर्धवट राहिला आहे. कृपया चर्चा पुढे चालवावी."

लगेच घंटी वाजली! बिनचूकरावांनी झडप घालून फोन उचलला आणि फ्लॅटचा नंबर बघितला. नंबर अगदी बरोबर होता. त्यांचाच होता.

त्यांनी शर्टाचं काढलेलं वरचं बटण परत लावलं, समोरची रिकामी खुर्ची जरा पुढे ओढली आणि म्हणाले, "या. बसा."